पलीकडच्या बाजूचे आप्पा

आप्पा मोगल जन्मात कधी आगगाडीत बसले नाहीत. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं, कारण त्यांच्या आयुष्याची तीसेक वर्षं रुळांपासून वीस पावलांवर गेली. कुठली गाडी आली, मालगाडी भरलेली आहे की रिकामी, हे त्यांना पाठमोरं बसूनही नुसत्या आवाजावरून कळायचं. पण गाडीत बसायचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं, "मी गेलो तं सायकली कोण बघंल?" भाचीच्या लग्नाला सगळं घर रेल्वेने कल्याणला गेलं. आप्पा एकटे एसटीने गेले आणि अक्षता पडल्याबरोबर आल्या पावली परत निघाले. मग त्या दिवशी सायकली कोणी बघितल्या, असं मी एकदा विचारलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमचं स्टेशन नाशिकरोडच्या पुढचं, मनमाडच्या वाटेवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातल्या एका घराला ही गोष्ट अजून सोसत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सोसत नाही. स्टेशन म्हणजे तरी काय, दोन बुटके फलाट, एक खोली, एक कडुनिंब आणि गंजलेल्या जाळीची तिकीटखिडकी. लांबच्या गाड्या शिट्टी मारून निघून जायच्या. आमच्यासाठी थांबायची ती शटल, सकाळी नाशिकरोडकडे जाणारी आणि संध्याकाळी परत येणारी. कारखान्यात, दवाखान्यात, शाळेत, भाजीबाजारात जाणारी गावची सगळी माणसं तिच्या जिवावर पोट भरत होती.

खरी अडचण स्टेशनच्या रचनेत होती. स्टेशनची खोली एका बाजूला आणि गाव बरोबर दुसऱ्या बाजूला. संध्याकाळची शटल सगळ्यात कडेच्या, गावाकडच्या रुळावर लागायची. नियमाप्रमाणे फलाटावर उतरायचं तर गावाकडे पाठ करून उतरायचं, फलाटाच्या टोकापर्यंत चालायचं, फाटक गाठायचं आणि तिथून वळसा घालून परत यायचं, म्हणजे चांगली किलोमीटरभर पायपीट. आणि उलट्या दाराने उतरलं तर थोडी खडी, एक उथळ चर आणि लगेच आप्पांचा सायकल स्टँड. नियम करणारे साहेब इथे राहत नव्हते, आम्ही राहत होतो. सगळं गाव उलट्या दाराने उतरायचं.

ब्याण्णव साल असेल. मी लग्न होऊन या गावात आले. नाशिकरोडच्या एका शाळेत मी कारकून होते आणि ती नोकरी सोड असं सासरच्यांनी म्हटलं नाही, यालाच मी नशीब समजत होते. पहिल्या दिवशी नवऱ्याची जुनी सायकल घेऊन स्टँडवर गेले. पत्र्याची शेड, बाहेर पाण्याचा रांजण, आणि त्याच्या शेजारी उकिडवे बसलेले, पन्नाशीचे, काळेसावळे, धोतरावर खाकी शर्ट घातलेले एक गृहस्थ. मी सायकल लावली आणि कुलूप घालायला वाकले.

"कुलूप नाय लावायचं," गृहस्थ माझ्याकडे न बघता म्हणाले.

"चोरीला गेली तर?"

"कुलूपवाली सायकल मी घेत नाय. पुढं फाटकाजवळ झाड हाय, तिथं बांधा."

गाडीची वेळ झाली होती म्हणून मी कुलूप पिशवीत टाकलं आणि मनातल्या मनात त्यांना चार शिव्या घातल्या. संध्याकाळी उतरले तर माझी सायकल सकाळी लावली होती तिथे नव्हतीच. रांगा शोधत गेले, तर दिसली, अगदी तोंडाशी, पुढचं चाक रस्त्याकडे करून उभी केलेली. मागच्या चाकात हवासुद्धा भरलेली.

हळूहळू मला कळलं, की दुपारभर या माणसाचं तेच काम. सकाळी सायकली येतील तशा लागायच्या. उन्हं कलली की आप्पा एकेक सायकल हलवून संध्याकाळच्या क्रमाने लावायचे. कोण पुढच्या डब्यातून उतरतो, कोण फलाटावर गप्पा छाटत रेंगाळतो, कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, कोणाला घरी जायची मुळीच घाई नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं, आणि रांग त्या हिशोबाने लागायची. मधली सायकल हलवायची तर तिला कुलूप असून कसं चालेल? बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. शंभराच्या वर सायकली, पण कोणाची कुठली यात कधी चूक झाली नाही.

एक गृहस्थ घरी ओव्हरटाइमचं सांगून आठवड्यातून दोनदा शटलऐवजी रात्री थांबणाऱ्या एकुलत्या पॅसेंजरने यायचे. कोणी काही न सांगता आप्पांनी त्या दोन दिवशी त्यांची सायकल अगदी मागे लावायला सुरुवात केली. शेवटी त्यांच्या बायकोनेच एकदा स्टँडवर येऊन विचारलं, की आमचे हे नक्की असतात कुठं? आप्पा म्हणाले, "मला सायकलीचं कळतं ताई. माणसाचं नाय कळत." ते गृहस्थ पुढच्या आठवड्यापासून शटलने यायला लागले, आणि सायकल पुढच्या रांगेत आली.

पण आप्पांचा खरा अभिमान स्टँडचा नव्हता, पायरीचा होता.

बुटका असला तरी फलाट फलाट असतो. उलट्या बाजूला तर डब्याच्या पायदानापासून खडीपर्यंत कमरेएवढं अंतर. पाटी घेतलेल्या बायका, म्हातारी माणसं, साडी सावरत उतरणाऱ्या माझ्यासारख्या, सगळ्यांची तारांबळ व्हायची. माझ्या आधीच कधीतरी आप्पांनी रेल्वेचे टाकून दिलेले दोन लाकडी स्लीपर आणले, एकावर एक रचून पायरी केली आणि बायकांचा डबा जिथे लागायचा तिथे बरोबर ती बसवली. गाडी थांबली की आप्पा पायरीशी. आधी म्हाताऱ्या, मग पाट्यावाल्या, मग आम्ही, आणि तरणीताठी पोरं सगळ्यात शेवटी. कोणी मधे घुसलं की शिट्टी फुंकायचे आणि ओरडायचे, "घाई घरी जाऊन करा!" एकूणएक माणूस उतरलं की ते चराच्या काठावर उभे राहून हात वर करायचे. गार्ड मागच्या डब्यातून वाकून बघत असायचा. आप्पांचा हात वर झाल्याशिवाय त्याने हिरवं निशाण दाखवलेलं मी कधी बघितलं नाही. रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नसणार.

एक नवे स्टेशनमास्तर आले होते, कडक. त्यांनी आप्पांना बोलावून दम भरला. उलट्या बाजूने उतरणं हा गुन्हा आहे, पायरी काढा, नाहीतर आत टाकीन. आप्पा हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमी पूल बांधा. ज्या दिवशी पूल होईल त्या दिवशी मी माझ्या हातानं पायरी काढीन." मास्तरांनी हसू दाबलं. दोन महिन्यांनी त्यांची आई गावाकडून आली, तेव्हा तिलाही आप्पांनीच त्या पायरीवरून उतरवून घेतलं.

मंदा गायकवाड ही पायरीवरून माझ्यासोबत उतरणाऱ्यांतली. नाशिकरोडच्या एका प्रसूतिगृहात आया होती. नवरा द्राक्षाच्या बागेत कामाला, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि घर गावाच्या पार पलीकडे मळ्यात. रोज चालत यायची, चालत जायची. आप्पांनी एक दिवस तिला अडवलं.

"मंदे, सायकल का नाय घेत?"

"येत नाय मला चालवायला."

"किती वय तुझं?"

"बत्तीस."

"मग काय मेली का काय? उद्यापासून अर्धा तास आधी ये."

बत्तीस वर्षांच्या बाईला पन्नाशीचा माणूस रोज सकाळी स्टँडमागच्या मोकळ्या जागेत सायकल शिकवतोय, हे बघायला गावातली रिकामटेकडी मंडळी जमायची. मंदा साडी खोचून बसायची, आप्पा मागून सीट धरून धावायचे, दोघंही पडायची. एकदा ती थेट चरात गेली आणि वर येऊन इतकी हसली, की आप्पांना दम लागेपर्यंत हसू आलं. महिन्याभराने ती एकटीने मळ्यापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी आप्पा सगळ्या स्टँडला सांगत होते, "मंदी एका हातानं वळती आता." त्यांची स्वतःची मुलगी लग्न होऊन ओझरला गेलेली होती. मंदा तिच्या जागी आली असं मी म्हणणार नाही, पण मंदाच्या डब्यात काय भाजी आहे हे आप्पांना रोज ठाऊक असायचं.

पुलाचं मात्र आप्पांनी मनावर घेतलं होतं. दर पाडव्याला, गुढी उभारून झाली, की ते माझ्या दारात हजर. हातात फुलस्केप कागद. "कारकूनबाई, लिहा." मग मी अंगणात पाट टाकून बसायची आणि ते उभ्याने सांगायचे. मी 'महोदय' लिहिलं की म्हणायचे, "त्यांना म्हना, एकदा संध्याकाळच्या गाडीनं या." ते मी लिहायची नाही. मी 'सविनय' आणि 'नम्र विनंती' घालून अर्ज सरळ करायची, ते वाचून घ्यायचे आणि नाराज व्हायचे. "ह्यात रागच नाय दिसत," म्हणायचे. मग दिवसभर घरोघर फिरून सह्या गोळा करायचे. दहा-बारा पाडवे असे गेले. एकदाच उत्तर आलं, आपल्या अर्जावर योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. एवढ्या एका ओळीचा तो कागद आप्पांनी काचेत बसवून शेडमध्ये खंडेरायाच्या तसबिरीशेजारी टांगला.

आणि मग खरंच कार्यवाही झाली.

दोन हजारनंतरच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. एक दिवस स्टेशनसमोर मोठा फलक लागला. स्टेशनचा विकास होणार. फलकावर रंगीत चित्र होतं. उंच फलाट, चकचकीत फरशा, वर पत्र्याऐवजी काचेसारखं काहीतरी, कुंड्या, चाकांच्या बॅगा ओढणारी गोरीगोमटी माणसं. आणि सगळ्यांच्या वरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गावाच्या बाजूला उतरणारा पूल. आप्पा फलकासमोर कितीतरी वेळ उभे होते. मग मला म्हणाले, "बाई, ह्यात पाटीवाल्या बाया कुठं हाय?" पण ते लटकं होतं. त्या दिवशी त्यांनी स्टँडवर प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. मंदाला दोन दिले.

चित्रात आणखी एक गोष्ट होती, ती आमच्या कोणाच्या लक्षात आली नाही. गावाच्या बाजूला, जिथे खडी आणि चर होता, तिथे एक नवा रूळ काढलेला होता. न थांबणाऱ्या गाड्यांसाठी. मी बारा वर्षं अर्ज लिहिले, इंग्रजी वाचता येत होतं, खाली तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही असणार. मी पूल बघत राहिले.

काम सुरू झालं. चर बुजवला. स्टँड पंचवीस-तीस पावलं मागे सरकला. पायरी काढायला मुकादम आला, तर आप्पांनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः पहार घेऊन दोन्ही स्लीपर उपटले, खांद्यावरून शेडमागे नेऊन टाकले आणि येऊन म्हणाले, "शब्द दिला होता. आता पूल येतोय."

आधी फरशा आल्या. मग दिवे आले. मग नवा रूळ आला, चाचणी झाली, गाड्याही धावायला लागल्या. पुलाचे खांब दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि तसेच राहिले. वरचं लोखंड यायचं होतं, असं कोणी म्हणायचं. ठेकेदार बदलला, असंही कोणी म्हणायचं. खरं काय ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. संध्याकाळी शटलमधून उतरायचं ते आता फलाटाकडेच, आणि फाटकावरून वळसा. पायरी नव्हती, समोर जिवंत रूळ होता, दुसरा मार्ग नव्हता.

पंधराएक दिवस सगळ्यांनी नियम पाळला. मग कोणीतरी पहिलं उलट्या दाराने उडी मारून रूळ ओलांडला, आणि आठवड्यात अर्धी गाडी तशी उतरायला लागली. मीसुद्धा. साठीच्या पुढे गेलेले आप्पा पलीकडे उभे राहून घसा फोडून ओरडायचे, "अरे तिकडून या! डोळे फुटले का तुमचे! तिकडून!" लोक हसून निघून जायचे. ज्या माणसाने इतकी वर्षं हात धरून या बाजूने उतरवलं, तोच आता या बाजूला मरण आहे म्हणतोय, हे कोणाला खरंच वाटेना.

ओरडून उपयोग नाही हे बघून आप्पांनी दुसरा उपाय काढला. शटलच्या आधी ते सायकली फाटकाशी नेऊन ठेवायला लागले. एका वेळी दोन, एक या हाताला, एक त्या हाताला. लांबची माणसं, म्हाताऱ्या, ज्यांना वळसा घालून परत स्टँडपर्यंत यायचा त्रास, त्यांच्या सायकली आधी. माझी, मंदाची. सायकल तिकडे आहे म्हटल्यावर माणूस आपोआप तिकडून जातो. हा उपाय लागू पडला. उन्हात पाच-सात खेपा करून त्यांना धाप लागायची. मी म्हणायची, आप्पा, जरा दमानं. ते म्हणायचे, "पूल होईस्तोवर."

त्या दिवशी मंदाची सायकल पंक्चर होती. सकाळीच ती ढकलत घेऊन आली होती. आप्पांनी दुपारी पंक्चर काढलं, पण ट्यूब दुसऱ्या जागी पुन्हा गळायला लागली, आणि ती नीट होईपर्यंत शटल सिग्नलला आली. फाटकाकडे न्यायला वेळ उरला नाही.

गाडीत मंदा आणि मी दाराशीच उभ्या होतो. त्या वर्षी लोडशेडिंगने जीव नकोसा केला होता. संध्याकाळी सातला लाईट जायची ती दहाला यायची. मंदाच्या घरात पीठ नव्हतं. सकाळी गिरणीत दळण टाकून आली होती, सातच्या आत गाठलं नाही तर रात्री सासूला काय घालू, हेच ती नाशिकरोडपासून घोकत होती. गाडी थांबता थांबता माझी नजर गावाच्या बाजूला गेली. नव्या रुळाच्या अगदी कडेला आप्पा मंदाची सायकल धरून उभे होते. झाली बरं का दुरुस्त, एवढंच तिला दाखवायचं असणार. तिने बघितलंही नव्हतं, ती फलाटाकडच्या दाराला वळली होती.

मी तिला दंडाला धरून फिरवलं. म्हटलं, "ते बघ, आप्पांनी सायकल तिथंच आणलीय. इकडून जा, गिरणी सापडंल."

ती उतरली. शटलच्या ब्रेकचा करकराट अजून चालू होता, त्यात मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कोणाला आला नाही. आप्पांना आला. त्यांना आवाजावरून गाडी कळायची. त्यांनी सायकल टाकून दिलेली मला दिसली, तोंड उघडलेलं दिसलं. मग मधून गाडी गेली. किती डबे होते देव जाणे, संपेचनात. ती गाडी संपली तेव्हा आप्पा रुळावर गुडघ्यांवर बसलेले होते.

पुढचं मी लिहीत नाही.

पोलीस आले तेव्हा आप्पा त्यांना म्हणाले, "मी मारली. मी सायकल आणली इथं." हवालदाराने त्यांना रांजणातलं पाणी दिलं आणि घरी जायला सांगितलं. सगळ्यांनी समजूत काढली, आप्पा, तुमचा काय दोष. आणि त्यांची पाठ वळली की तेच लोक म्हणायचे, सवय कोणी लावली होती पण? मी दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गेलेली परत येणार आहे का? कुठं बोलू नकोस." मला तेच ऐकायचं होतं. माझी लाज वाटते, पण तेव्हा हायसं वाटलं.

तीन महिन्यांनी पूल झाला. बँड आणला होता, नारळ फोडला. भाषणात कोणीतरी म्हणालं, की या पुलासाठी गावकऱ्यांनी दाखवलेल्या चिकाटीला तोड नाही. आप्पांना व्यासपीठावर बसवायला दोन कार्यकर्ते शेडपर्यंत गेले होते. आप्पा मोकळ्या ट्यूबा गुंडाळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. महिन्याभरात गावाच्या बाजूला उंच जाळी लागली आणि गाड्या लावायची सोय स्टेशनच्या अंगाला झाली, पावती देणारी. मोटारसायकली वाढल्याच होत्या. आप्पांनी उरलेल्या सायकली एकेक करून ज्याच्या त्याच्या घरी चालत नेऊन दिल्या. मंदाची तिच्या नवऱ्याने घेतली आणि पुढच्या बाजाराला भंगारात दिली. ओझरहून मुलगी आली, आप्पांना घेऊन गेली.

आम्हीही पुढे गाव सोडलं. गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, माझं रेल्वेने जाणंयेणं संपलं. पण आप्पांना एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं. आप्पांचं काही खरं नाही असा निरोप आला, तेव्हा ठरवलं, जायचं आणि सांगायचं. ओझरच्या बसमध्ये मी तासभर ते वाक्य जुळवत होते. 'आप्पा, तिला सायकल मी दाखवली.' पाच शब्द. अर्जात एवढी वाक्यं सरळ केली, हे एक काही सरळ होईना.

जावई विमानाच्या कारखान्यात होता. कॉलनीतलं नीटनेटकं घर, पुढे व्हरांडा, तिथे खाटेवर आप्पा. अंगावर नुसती हाडं राहिली होती, पण ओळख लगेच पटली. "कारकूनबाई," म्हणाले. मुलीने मला खुर्ची दिली, चहा ठेवायला आत गेली. म्हणाली, "दिवसभर बोलत नाही काही. तुम्हीच बोला."

मी बसले. त्यांच्या पायावर हात ठेवला. इकडचं तिकडचं विचारलं. चहा आला. मुलगी परत आत गेली. मी म्हटलं, "आप्पा, मला एक सांगायचंय."

त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ते आपल्याच नादात होते. माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, रोज तोच विचार करणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बाई, मी हाक मारली नव्हती हो तिला. शपथ सांगतो. नुसता उभा होतो. बाकी सगळे तिकडं तोंड करून होते. मग तिला सायकल दिसली कशी?"

मी कप खाली ठेवला.

"तुमी तं तिच्या शेजारीच उभ्या होत्या. तुमाला दिसली होती का?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "नाही आप्पा. मला नव्हती दिसली."

त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलेन असं त्यांच्या मनातही आलं नाही.

"मग तिला एकटीलाच कशी दिसली?" ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळून त्याच विचाराला लागले. मी चहा संपवला, मुलीचा निरोप घेतला आणि साडेचारच्या बसने परत आले.